कठीण पोलादाला धार लागत नाही, हा समज चुकीचा

पोलाद जितकं कठीण तितकी धार लावणं अवघड, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरी अडचण कार्बाइडची, म्हणजे पोलादात कार्बन आणि दुसऱ्या धातूच्या संयोगातून बनणाऱ्या अतिकठीण कणांची असते. शिरोगामी हे जपानी पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६२-६४ इतकं असूनही साध्या पाणदगडावर (पाण्याने ओला करून वापरायच्या धारेच्या दगडावर) झटकन धार घेतं, कारण त्यात कार्बनशिवाय फारसं काही मिसळलेलं नसतं. उलट एस९०व्ही हे सुऱ्यांचं पोलाद साधारण ६० वरच असतं, पण त्यात ९ टक्के व्हॅनेडियम हा धातू आहे आणि त्याचे कार्बाइड दगडाला दाद देत नाहीत. विकर्स या कठीणपणाच्या दुसऱ्या मापात कठीण पोलाद ८०० च्या आसपास, दगडातलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड सुमारे २०००, तर व्हॅनेडियम कार्बाइड २६०० च्या वर. दगड भोवतालचं पोलाद झिजवतो, कार्बाइडचे कण मात्र तसेच राहतात. हिरा त्यांनाही कापतो.

म्हणून अशा सुरीला हिऱ्याची प्लेट घ्या आणि शेवटी धार घोटायच्या चामड्याच्या पट्ट्यावरही हिऱ्याचीच पेस्ट लावा. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट साध्या पोलादाला उत्तम, इथे तोकडी पडते. पट्ट्यावर दाब अगदी हलका हवा. जोर दिला की चामडं दबून धारेभोवती वर येतं आणि टोक गोल होतं. दगडावर उलटलेली बारीक कड आधी निघालेली हवी, पट्टा शेवटचा हात फिरवण्यापुरताच.