काठी किती वाकते, टोक किती जड

दोरी सुटते तेव्हा बाणाला मागून जोराचा धक्का बसतो, पण पुढचं जड टोक जागचं लगेच हलत नाही. या दोघांच्या कचाट्यात बाणाची काठी धनुकलीसारखी वाकते. ती धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघते आणि पुढे काही अंतर लवलवत जाते. याला ‘तिरंदाजाचा विरोधाभास’ म्हणतात. काठी नेमकी किती वाकावी, हाच सगळा प्रश्न. तिच्या या ताठपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात.

बेळगावकडच्या खानापूरच्या बाजूला चिवा जातीच्या बांबूची काठी मिळते, बारीक आणि जवळपास भरीव. तिचा स्पाइन घरीच मोजता येतो. फळीवर 66 सेंमी अंतरावर दोन खिळे मारा, त्यांवर काठी आडवी ठेवा आणि बरोबर मध्यावर पिशवीतून 907 ग्रॅम वजन टांगा. मध्य जितके मिलिमीटर खाली येईल, त्याने 660 ला भागा. 14 मिमी वाकली तर 47 पौंडांची काठी, म्हणजे साधारण तेवढ्या ताकदीच्या धनुष्याला जुळणारी. मग ती फिरवून चारही बाजूंनी मोजा, कारण बांबू सगळीकडून सारखा नसतो. सर्वांत ताठ बाजूवर खूण करून तीच धनुष्याकडे ठेवा. कार्बनच्या काठीची पद्धत वेगळी: टेकू 28 इंचांवर, वजन 880 ग्रॅम आणि अर्धा इंच वाकली तर छापील आकडा 500. म्हणजे तिथे आकडा मोठा तितकी काठी लवचिक. बांबूच्या आकड्याच्या अगदी उलट. इथे भलेभले चुकतात.

तासताना हात आवरा. भरीव काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. 8.5 मिमीची काठी घासून 8 केली की पाचवा हिस्सा ताठपणा गेलाच. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, मऊ पडतो आणि जडही होतो. म्हणून सगळ्या काठ्या एकाच दिवशी मोजा. आषाढातल्या आकड्यांवर वैशाखात बाण जुळवू नका.

आता टोक. त्याचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. 1 ग्रेन म्हणजे 0.065 ग्रॅम, सुमारे अर्धी गुंज. त्यामुळे सराफाच्या काट्यावर हे काम उत्तम होतं. 28 इंच ओढीवर 45 पौंडांचं साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य, 28 इंचांची काठी आणि 125 ग्रेनचं टोक असेल, तर 45 ते 50 पौंडांच्या काठीपासून सुरुवात करावी. टोक 25 ग्रेनने वाढलं की 5 पौंड जास्त ताठ काठी, लांबी इंचाने वाढली तरी तेवढीच, हा जुना ठोकताळा. टोक जड केलं की काठी जास्त वाकते, काठी आखूड केली की कमी. म्हणून आधी काठी लांबच ठेवावी. कापलेलं परत जोडता येत नाही.

शेवटचा निकाल नेमाचा. 15 मीटरवरून पिसं लावलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण सोडा. आधी वर-खाली बघा: बिनपिसाचा पिसांच्या बाणांपेक्षा वर लागला तर दोरीवरची खाच बसवायची खूण थोडी वर घ्या. ते जमल्यावरच डावं-उजवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण उजवीकडे गेला तर काठी मऊ आहे. टोक हलकं करा किंवा काठी अर्धा सेंमी कापा. डावीकडे गेला तर ताठ. टोक जड करा. एका वेळी एकच बदल. मात्र फार मऊ काठी मुठीवर आपटून उलट डावीकडेही उडते आणि ताठ असल्याचा भास होतो. मुठीच्या कडेला टाल्कम पावडर लावा. घासल्याचा पट्टा उमटला तर डावीकडच्या निशाणावर विश्वास ठेवू नका.

फार हलका बाण धनुष्यालाच मारतो, कारण उरलेली ताकद लाकडात आणि दोरीत जिरते. पारंपरिक धनुष्याला प्रत्येक पौंडामागे 8 ते 10 ग्रेन बाणाचं वजन हवं. 45 पौंडांना सुमारे 23 ते 29 ग्रॅम, टोक-पिसांसकट. शिकारी धनुष्य आपल्याकडे फोमच्या प्राण्यांवरच चालवायचं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार बंद आहे आणि खानापूरच्या जंगलात तर भीमगड अभयारण्यच आहे. फोममधून काढलेला प्रत्येक बाण पुन्हा लावण्याआधी दोन्ही हातांनी वाकवून, कानाशी धरून ऐका. कट्ट आवाज आला की ती काठी चुलीत.