राधिका मेनन नौदलातल्या नव्हेत

'नौदलाच्या पहिल्या महिला कॅप्टन' अशी राधिका मेनन यांची ओळख अनेकजण करून देतात. ती चुकीची आहे. त्या मर्चंट नेव्हीतल्या, व्यापारी जहाजांवरच्या कॅप्टन. नौदलात कॅप्टन हा एक हुद्दा. टँकरवर, म्हणजे तेलवाहू व्यापारी जहाजावर, मात्र अख्ख्या जहाजाची जबाबदारी कॅप्टनच्याच डोक्यावर. मेनन यांनी सुरुवात केली रेडिओ ऑफिसर, म्हणजे जहाजाचं संदेशवहन सांभाळणाऱ्या अधिकारी, म्हणून. गाव केरळमधलं कोडुंगल्लूर. रोमला मिरी पाठवणारं प्राचीन मुझिरिस बंदर याच परिसरातलं, म्हणून 'व्यापारी' हा शब्द गाळलेला मला खटकतो.

जून २०१५, ओडिशातल्या गोपाळपूरजवळ समुद्र खवळलेला. भरकटलेल्या होडीत ७ मच्छीमार. मेनन यांच्या जहाजाचा त्यांना वाचवण्याचा प्रयत्न दोनदा फसला. तिसऱ्यांदा पायलट शिडीवरून, म्हणजे जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून, सातही जण वर आले. त्यासाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या महिला.