हाड पावले मोजत नाही

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलं, की पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचे घोळके दिसतात. मोबाइलवर दहा हजार पावलं भरली की दिवस पदरात पडला! हा आकडा १९६५ साली बाजारात आलेल्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे. हाडांशी त्याचं नातं नाही. चालण्याने साखर, रक्तदाब ताब्यात राहतात, म्हणून चालणं सोडू नये. पण एकाच संथ चालीने मणक्याचं हाड विरळ होणं थांबत नाही.

हाड पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी गेली की तो सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. रचणाऱ्या पेशींना जागं ठेवायचं काम ऑस्टिओसाइट या पेशी करतात. त्या घट्ट हाडात चिणल्यासारख्या बसलेल्या असतात आणि त्यांचे तंतू केसाहून कितीतरी बारीक नळ्यांतून एकमेकींना भिडलेले असतात. नळ्यांत द्रव असतो. टाच टेकली की हाड किंचित वाकतं, हजारातल्या एका भागाहूनही कमी. तेवढ्याने द्रव सरकतो, तंतूंना ओढ बसते आणि पेशी स्क्लेरोस्टिन कमी सोडते. स्क्लेरोस्टिन म्हणजे ‘रचू नका’ हा निरोप. तो थांबला की नवं हाड घातलं जातं.

द्रव झटक्याने सरकला तरच ओढ पुरेशी बसते. रेंगाळत चालताना पायावर वजनाच्या जेमतेम सव्वापट भार येतो, झपझप चालताना दीडपटीच्या आसपास. शिवाय तोच ठोका काही डझन वेळा बसला की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. पुन्हा ताज्या व्हायला त्यांना काही तास लागतात. उंदरांवरच्या प्रयोगात दिवसाचे ३६० ठोके एका दमात देण्यापेक्षा ९०-९०चे चार हप्ते दिल्यावर हाड जास्त भरलं.

म्हणून फेरी सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. दर पाच मिनिटांनी एक मिनिट झपझप चाला, मिनिटाला साधारण १२० पावलं. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहा आणि टाचा थोड्या जोराने खाली सोडा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. गड उतरताना चढण्यापेक्षा ठोका मोठा बसतो, पण गुडघा दुखत असेल तर उतार टाळा. मणका आधीच दबला असेल किंवा डेक्साचा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजायच्या तपासणीचा, टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे अडीचच्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाचा आपटू नका. शिबिरात टाचेला यंत्र लावून दिलेला आकडा म्हणजे डेक्सा नव्हे. तांब्याच्या कड्याने आणि चुंबकाच्या पट्ट्याने तर हाडात कणभरही भर पडत नाही. ते पैसे दूध, नाचणी, तिळावर घाला.

आणि पायात सैल चप्पल नको. ती निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात, पाऊल आखूड पडतं, टाच आधी टेकण्याऐवजी पाय फरफटतो. ठोका तर बसत नाहीच, वर ठेच लागून माणूस हातावर पडतं आणि मनगट मोडतं. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, आणि साडी घोट्याच्या वर खोचा.