हलक्या रिव्हॉल्व्हरचा झटका कमी बसतो, हा समज चुकीचा

रावेर-यावलच्या केळी बागायतदारांपासून जळगावच्या सराफांपर्यंत, स्वसंरक्षणाचा परवाना हाती आला की एकच सल्ला वर्षानुवर्षे ऐकू येतो : ‘घरातल्या बाईमाणसालाही चालवता यावे, तर सर्वांत लहान आणि हलके घ्या, त्याचा झटका कमी असतो.’ वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. काडतूस तेच असेल, तर गोळीला पुढे जितका रेटा मिळतो तितकाच शस्त्राला मागे मिळतो. म्हणून ७०० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर घेतल्यास मागे येणारी ऊर्जा सुमारे १.४ पट होते. २०१४ मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून आलेले .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, इथे इंचात) ‘निर्भीक’ साधारण ५०० ग्रॅमचेच आहे. ते जवळ बाळगायला सोयीचे आहे, पण झाडताना तोच हलकेपणा आड येतो.

कॅलिबरबाबत, म्हणजे याच व्यासाबाबत, फारसा पर्याय उरत नाही, कारण ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाही आणि बहुतेकांची निवड .३२ वरच थांबते. खरी निवड शस्त्राच्या मुठीची आहे. शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरावे : अंगठा व तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागे शक्य तितकी वर बसावी, नळी मनगटाच्या रेषेत राहावी आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग न ताणता ट्रिगरपर्यंत पोचावा. करंगळीला टेकायला जागाच नसेल, तर ते दुकानातच परत ठेवावे. पहिल्या गोळीनंतर मूठ हातात फिरते आणि दुसरीचा नेम सुटतो, हे मी नवशिक्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.