अडतिसाव्या लघुपटापाशी थांबलेला संग्रह : 'टॉम अँड जेरी'च्या संचांची पार्श्वभूमी

'टॉम अँड जेरी' मालिकेतला 'माउस क्लीनिंग' हा अडतिसावा लघुपट डिसेंबर १९४८ मध्ये चित्रपटगृहांत आला. ऑक्टोबर २०११ मध्ये या मालिकेचा 'गोल्डन कलेक्शन' नावाचा पहिला ब्लू-रे संच निघाला, तो बरोबर सदतीस लघुपट देऊन थांबला. पुढचा खंड 'माउस क्लीनिंग'पासून सुरू व्हायला हवा होता, तो कधीच बाजारात आला नाही. त्यानंतर संग्राहकांमध्ये जो वाद वर्षानुवर्षे चालला तो समजून घ्यायचा तर हे लघुपट घरापर्यंत कोणकोणत्या रूपांत पोहोचत गेले, हे पाहावे लागते.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या मूळ दिग्दर्शक जोडीने १९४० ते १९५८ या काळात एकूण ११४ लघुपट केले. पहिल्या लघुपटात मांजराचे नाव टॉम नव्हते, जॅस्पर होते. सात ऑस्कर मिळवलेली ही मालिका तयार करणारा कार्टून विभाग एमजीएम स्टुडिओने १९५७ मध्ये बंद केला आणि तयार असलेले शेवटचे लघुपट पुढच्या वर्षापर्यंत प्रदर्शित होत राहिले. साठच्या दशकात इतरांनी केलेले लघुपट संग्राहक वेगळ्या कप्प्यात ठेवतात, त्यामुळे या टिपणात ते घेतलेले नाहीत.

संग्रहाच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली गोष्ट १९६५ नंतरची आहे. त्या वर्षी ही मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर शनिवार सकाळच्या वेळेत गेली आणि लहान मुलांचा कार्यक्रम म्हणून तिची काटछाट झाली. घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई, जिचे बहुधा फक्त पाय आणि चपलाच दिसतात, तिचा आवाज बदलून आयरिश ढंगाचा करण्यात आला आणि काही लघुपटांत तर तिच्या जागी गोऱ्या व्यक्तीचे चित्र नव्याने काढून बसवण्यात आले. १९५० च्या 'सॅटर्डे ईव्हिनिंग पुस'मध्ये त्या जागी एक किशोरवयीन गोरी मुलगी आली. नव्वदच्या दशकात त्याच बाईचे संवाद एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून, जुनी बोली काढून टाकून, पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. याचा अर्थ असा की एकाच लघुपटाच्या तीन-तीन आवृत्त्या एकाच वेळी अस्तित्वात होत्या, आणि घरगुती ध्वनिचित्रफितीचा धंदा सुरू झाला तेव्हा हाताला लागेल ती आवृत्ती फितीवर उतरवली गेली.

व्हीएचएसच्या काळात खरेदीदाराला निवडीला वाव नव्हता. एका फितीवर सात-आठ लघुपट, कोणत्याही क्रमाने, एवढेच मिळत असे. पहिला गंभीर प्रयत्न लेझर डिस्कवर झाला. १९९३ पासून 'द आर्ट ऑफ टॉम अँड जेरी' या नावाने निघालेल्या भारी खोक्यांत लघुपट प्रथमच प्रदर्शनाच्या क्रमाने लावलेले होते आणि १९५४ नंतर सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत केलेले लघुपट त्यांच्या पूर्ण रुंदीत पाहायला मिळाले. पुढे वादात सापडलेले बहुतेक लघुपटही त्यांत होते. तीस सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकड्या आणि त्या वाजवणारे यंत्र दोन्ही महाग असल्याने हा संग्रह मोजक्यांपुरता राहिला. तरीही नंतरच्या प्रत्येक संचाला त्याच मापाने मोजले गेले आणि ते योग्यच होते असे म्हणावे लागते.

येथे 'अनकट' या शब्दापाशी थांबणे भाग आहे, कारण बहुतेक भांडणे या शब्दाच्या संदिग्धतेतून निघालेली आहेत. वितरक जेव्हा खोक्यावर 'अनकट' छापतो, तेव्हा त्याचा दावा सहसा एवढाच असतो की कोणतेही दृश्य कापलेले नाही. संग्राहकाच्या मनात मात्र त्या शब्दात किमान चार गोष्टी असतात. दृश्ये पूर्ण असावीत, ही त्यांतली पहिली. दुसरी म्हणजे ध्वनी मूळचा असावा. संवाद पुन्हा मुद्रित केलेल्या प्रतीत एकही चौकट कमी नसते, तरी ती मूळ कृती नसते. चौकटीची रुंदी ही तिसरी गोष्ट. सिनेमास्कोप लघुपटाच्या दोन्ही बाजू छाटून तो चौकोनी पडद्यात बसवला, तर लांबी पूर्ण राहूनही निम्म्याच्या आसपास चित्र गळते, आणि पाठलागाच्या विनोदात पळणारा एका कडेला आणि सापळा दुसऱ्या कडेला असल्याने नेमका विनोदच गळतो. चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे श्रेयनामावली. लघुपट काही वर्षांनी पुन्हा प्रदर्शित करताना स्टुडिओ सुरुवातीच्या पाट्या बदलत असे आणि जुन्या पाट्या बऱ्याचदा जपल्या जात नसत, त्यामुळे चाळीसच्या दशकातले कित्येक लघुपट आज सर्वत्र पन्नासच्या दशकातल्या पाट्यांनिशीच दिसतात.

याशिवाय आणखी एक प्रकार आहे, ज्याला 'कट' म्हणावे की नाही यावरच एकमत नाही. १९५१ च्या 'हिज माउस फ्रायडे'च्या शेवटी आदिवासींचे वंशद्वेषी व्यंगचित्रण येते. ते दृश्य न कापता डीव्हीडीच्या प्रतीत चित्र इतके मोठे केले आहे की आक्षेपार्ह चेहरे चौकटीबाहेर जातात. वेळ मोजली तर लघुपट पूर्ण भरतो, पाहिला तर भरत नाही.

डीव्हीडीवरचे 'स्पॉटलाइट कलेक्शन' २००४, २००५ आणि २००७ मध्ये तीन भागांत आले. त्यांत क्रम पाळलेला नव्हता. दुसऱ्या भागातल्या काही लघुपटांत कापलेली दृश्ये आणि बदललेले आवाज आढळल्यावर ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि वितरकाने तबकड्या बदलून दिल्या. या व्यवसायात हे क्वचित घडते. याच संचांत मालिकेविषयी एक खुलासाही जोडलेला होता : ही चित्रणे त्या काळीही चूक होती आणि आजही चूकच आहेत, पण ती लपवणे म्हणजे तो पूर्वग्रह कधी नव्हताच असे म्हणण्यासारखे होईल, असा त्याचा आशय होता. तिसऱ्या भागात मात्र 'माउस क्लीनिंग' आणि १९५१ चा 'कॅसानोव्हा कॅट' हे दोन लघुपट वगळण्यात आले. वर दिलेल्या खुलाशाशी हा निर्णय कसा जुळतो, याचे उत्तर संचात कुठेही नव्हते.

या दोन लघुपटांत आक्षेपार्ह काय आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पहिल्याच्या शेवटी टॉम कोळशाने काळा होतो आणि त्या काळच्या चित्रपटांतल्या कृष्णवर्णीय नोकराच्या साचेबंद, रेंगाळत्या बोलीत उत्तर देतो. दुसऱ्यात सिगारच्या धुराने जेरीचे तोंड काळे करून त्याला नाचवले जाते. दोन्ही प्रसंग थोडक्यात उरकतात, पण ते अपमानकारक आहेत, आणि ते लहान मुलांसमोर खुलाशाविना यावेत असे कोणीही जबाबदार संग्राहक म्हणत नाही.

त्यानंतर २०११ चा ब्लू-रे आला. क्रमवार मांडणी, नव्याने स्वच्छ केलेली चित्रे आणि पुढील खंडांचे आश्वासन यांमुळे अपेक्षा वाढल्या. जून २०१३ साठी दुसरा खंड जाहीर झाला, त्याची यादी प्रसिद्ध झाली आणि तीत अडतिसावा व पंचावन्नावा हेच दोन लघुपट नव्हते. डीव्हीडीच्या वेळी जे खपून गेले ते येथे खपले नाही. निवडक संचातून काही वगळणे ही निवड ठरते, पण जो संच क्रम आणि संपूर्णता यांच्या नावावर विकला जातो त्यातून दोन लघुपट काढले तर त्या नावालाच अर्थ उरत नाही. विक्रीच्या संकेतस्थळांवर प्रकाशनाआधीच प्रतिकूल अभिप्रायांचा पाऊस पडला, अनेकांनी आगाऊ मागण्या मागे घेतल्या आणि संच बाजारात आलाच नाही. एका गटाच्या मते हा संग्राहकांचा विजय होता. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की दोन लघुपटांच्या हट्टापायी उरलेले डझनावारी लघुपट उत्तम दर्जात मिळण्याची संधी गेली. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु पुढची बारा वर्षे पाहता पहिल्या गटाची चिकाटी वाया गेली असे म्हणता येत नाही.

भारतातल्या संग्राहकाला या वादाची झळ उशिरा आणि वेगळ्या प्रकारे लागली. १९९५ नंतर केबलवर जे लघुपट आपल्या पिढीने पाहिले ते दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या प्रतींतले होते, आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या व्हीसीडीवर चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असे. डीव्हीडी जगाच्या भागांनुसार ठरवलेल्या विभागांत विकल्या जात : अमेरिकी डीव्हीडी विभाग १ च्या, युरोपातल्या विभाग २ च्या आणि भारत विभाग ५ मध्ये, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवलेली तबकडी घरच्या यंत्रात चालेलच याची खात्री नसे. युरोपातल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या प्रतींत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावत असल्याने सात मिनिटांचा लघुपट सुमारे सतरा सेकंद आधी संपतो आणि संगीत जवळपास अर्ध्या सुराने चढते. ज्या मालिकेत प्रत्येक पावलाला आणि आपटण्याला वाद्यवृंदाचा स्वर बांधलेला आहे, तेथे हा फरक तयार कानाला लगेच जाणवतो.

संपूर्ण संच निघायला झालेल्या विलंबाचे एक कारण वादापलीकडचेही होते. मे १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील चित्रपट-संग्रहालयातल्या नायट्रेट या ज्वलनशील फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि तीत या स्टुडिओच्या अनेक जुन्या कार्टूनपटांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्या. कार्टूनपटांच्या रंगीत चित्रीकरणात प्रत्येक चित्राचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून एकापाठोपाठ तीन कृष्णधवल छाप एकाच फिल्मवर घेतले जात. ती फिल्म हाती असेल तर तिन्ही छाप संगणकावर तंतोतंत जुळवून मूळ रंग मिळवता येतात. नसेल तर पुढच्या पिढीच्या प्रतींवर काम करावे लागते, आणि प्रत्येक पिढीगणिक बारकावे कमी होत जातात.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर ११४ ही लघुपटांचा ब्लू-रे संच अमेरिकेत निघाला, आणि 'माउस क्लीनिंग' त्यात आपल्या जागी, म्हणजे अडतिसावा, आहे.