शॉर्ट स्केल बास: ३४ इंच आले कुठून आणि ३० इंच मागे का पडले

शॉर्ट स्केल बास, म्हणजे तारेची वाजणारी लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० च्या आसपास असलेला बास गिटार, बनवायला घेतलाय म्हटलं की समोरून हमखास येतं, "तो तर शिकाऊ मुलांचा ना?" मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण मागे जाऊन बघितलं तर फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला इलेक्ट्रिक बास पहिल्यांदा बनला तोच आखूड होता, ३४ इंच नंतर आले.

स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) तार जेवढी मोकळी वाजते तेवढी लांबी. उभ्या डबल बासची (व्हायोलिनच्या जातीचं माणसाएवढं वाद्य) ही लांबी ४१-४२ इंच असते, ते धूड घेऊन गावोगाव फिरायचं आणि एवढं करून ड्रम्स आणि ब्रासपुढे त्याचा आवाज पोचायचा नाही, म्हणून सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३६ च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स ७३६ बनवला. भरीव लाकडाची बॉडी, फ्रेट, गिटारसारखा आडवा धरायचा, आणि स्केल ३० इंचांच्या किंचित वर. फार थोडे बनले आणि लोक विसरून गेले.

मग १९५१ मधे लिओ फेंडरने प्रिसिजन बास काढला, ३४ इंचांचा. तो इतका चालला की ३४ हाच नियम झाला, पण मुळात तो एका कारखान्याने निवडलेला मधला मार्ग होता, डबल बासइतका लांब नको आणि गिटारइतका आखूड नको. बाकीच्यांनी तेव्हा तो नियम मानलाही नव्हता. गिब्सनने १९५३ मधे व्हायोलिनच्या आकाराचा बास आणला तो ३०.५ इंचांचा, खाली दांडी लावून उभाही वाजवता यायचा. जर्मनीत वॉल्टर हॉफनरने १९५५-५६ मधे ५००/१ केला, पोकळ बॉडी, ३० इंच, आणि १९६१ मधे हॅम्बुर्गमधे पॉल मॅकार्टनीने तोच घेतला, दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्या माणसाने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही म्हणून. म्हणजे साठच्या दशकातला जगभर ऐकला गेलेला बास शॉर्ट स्केलच होता!

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६३६ मधेच मांडून ठेवलंय की तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो. ३४ वरून ३० वर आलात की ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. हाताला हे लगेच जाणवतं, तार मऊ लागते, मींड आणि व्हायब्रेटो सहज निघतो. पण तीच तार सैल होऊन फ्रेटवर खडखडतेही, मग माणूस जाड तार लावतो, जाड तार आखूड लांबीवर ताठ पडते, आणि ताठ तारेचे वरचे उपस्वर जागेवर न राहता थोडे चढतात, म्हणून खालचा ई (सगळ्यात जाड तार) जरा बोजड आणि गोल ऐकू येतो. काहींना तो दोष वाटतो, मला स्वतःला तो गोलवा फार आवडतो.

बोटांचा हिशोब तर आणखी सरळ आहे. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर ३४ वर जवळपास १३० मिमी, ३० वर साधारण ११४. पंधरा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण खालच्या पोझिशनमधे एकेका फ्रेटला एक बोट ठेवून दोन तास वाजवा, मनगटच सांगेल.

मग नाव खराब का झालं? माझ्या मते लांबीमुळे नाही, लांबीसोबत जे जोडलं गेलं त्यामुळे. गिब्सनच्या ईबी बासेसमधे मोठा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) थेट नेकला, म्हणजे मानेला चिकटून असायचा, तिथे तारेचा मूळ स्वरच जास्त मिळतो आणि धार कमी, त्याला लोकांनी मडबकर (मड म्हणजे चिखल) असं नावच पाडलं (तरी जॅक ब्रूसने ईबी-३ वर क्रीम बँडमधे जे केलं ते केलंच). फेंडरने १९६६ मधे मस्टँग बास काढला, चांगलं वाद्य, पण नाव शिकाऊ गिटारींच्या रांगेतलं, आणि पुढे सत्तरच्या दशकात आलेल्या स्वस्त म्युझिकमास्टर बासमधे तर सहा पोलचा, म्हणजे सहा तारांसाठीचा गिटारचा पिकअप बसवलेला होता. अशा बासची ओळख झाल्यावर कोण म्हणेल की ३० इंचांत दम आहे.

या समजाला तडा दिला तो ऑर्डर देऊन बनवलेल्या बासने. सत्तरच्या दशकात जॅझ बासवादक स्टॅनली क्लार्कने अलेम्बिक कंपनीचा बास घेतला, स्केल ३०.७५ इंच. हा मूळचा उभा डबल बास वाजवणारा माणूस, ४१ इंचांची सवय असलेला, म्हणजे हात पुरत नाही हा प्रश्नच नाही, आणि त्याने आखूड स्केलवर सोलो वाजवले, आत ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारी) इलेक्ट्रॉनिक्स, उत्तम लाकूड. आवाज स्वच्छ, एकेक स्वर वेगळा. लांबी तीच, बाकीचं सगळं मन लावून केलेलं.

म्हणूनच आज कोणी स्वतः शॉर्ट स्केल बनवतो तेव्हा नेक आखूड केली की झालं असं नसतं. ३४ वर ब्रिजपासून ६ इंचांवर असलेला पिकअप ३० वर तसाच ६ वर ठेवला तर तो तारेच्या मानाने नेककडे सरकतो आणि परत तोच जुना चिखल, त्याला साधारण ५.३ वर आणायला लागतो. सॅडलला मागे सरकायला भरपूर जागा हवी, जाड ई साठी खास, नाहीतर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) जुळता जुळत नाही. आणि नेक आखूड झाली तरी जड ट्यूनर (खुंट्या) लावले की बास मान टाकतोच, म्हणजे मानेकडून खाली झुकतोच, म्हणून हलके ट्यूनर आणि बॉडीचं वरचं शिंग (पट्टा अडकवतात ते टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत आलेलं बरं.

तारांचं मात्र मी स्वतः चुकून शिकलो. पहिल्या बासला लाँग स्केलचा सेट लावला, म्हटलं जास्तीची कापून टाकू. ई ची तार नटच्या पुढे जिथे बारीक व्हायला हवी तिथे अजून पूर्ण जाड, ती खुंटीभोवती वळेना, दामटून वळवली तर वरचं वेटोळं उलगडलं आणि दुसऱ्या दिवशी तार नुसती ढब ढब वाजायला लागली, सूर म्हणून नाहीच. तेव्हापासून तारा मागवायच्या आधी बॉल एंडपासून (तारेच्या टोकाचा मणी) नटपर्यंत टेपने मोजतो, कारण तार बॉडीतून ओवलेली असेल तर ३० चा बासही मिडियम स्केलचा सेट मागतो.