युद्धकालीन विमानतळांचे सिम्युलेटरमधील पुनर्निर्माण

दुसऱ्या महायुद्धात वापरात असलेले आणि आता शेतात, वस्तीत किंवा नव्या विमानतळाखाली गडप झालेले हवाई तळ जुने नकाशे, हवाई छायाचित्रे व लष्करी दप्तरे यांवरून शोधून काढून त्यांची प्रतिकृती उड्डाण सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान चालवण्याचा आभास देणाऱ्या संगणक-प्रणालीत, उभारण्याचे काम. ते बहुतांशी हौशी मंडळी करतात.

या कामात आधी तारीख ठरवावी लागते. हिवाळ्यात मातीची असलेली धावपट्टी पावसाळ्यापूर्वी डांबरी होते, तंबूंच्या जागी पत्र्याच्या बराकी येतात, एक स्क्वाड्रन जाऊन दुसरी येते. नुसता ‘१९४४चा तळ’ म्हणून जमवलेली प्रतिकृती कितीही देखणी असली, तरी तसा तळ प्रत्यक्षात एक दिवसही नांदलेला नसतो.

ब्रिटनमधील बॉम्बफेकी विमानांचे तळ त्या मानाने सोपे. १९४२पासून तेथे ‘अ वर्ग’ तळाचा साचा ठरलेला होता: एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, मुख्य २,००० यार्डांची (सुमारे १,८३० मीटर), उरलेल्या दोन १,४०० यार्डांच्या (सुमारे १,२८० मीटर), रुंदी ५० यार्ड, भोवती फिरणारा रस्ता आणि त्याच्या कडेने विमाने उभी करण्याचे चौथरे. इमारतीही ठरीव आराखड्यांच्या असत. १२७७९/४१ या क्रमांकाचा नियंत्रण मनोरा एकदा नीट बांधला की तो अनेक तळांवर चालतो. तळांचे आराखडे हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये, हवाई छायाचित्रे एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहात आणि स्क्वाड्रन व तळांच्या रोजनिश्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये सापडतात. काँक्रीट उखडून नेले असले, तरी कोरड्या उन्हाळ्यात पिकाच्या बदललेल्या रंगातून जुनी पट्टी वर उमटते. एक चूक मात्र हटकून होते. जुन्या कागदावरची चुंबकीय दिशा तशीच आजच्या नकाशावर आखली जाते. युद्धकाळात पूर्व इंग्लंडमध्ये चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे १० अंश पश्चिमेला होती. आता दोन्ही जवळजवळ जुळतात. एवढ्या फरकाने धावपट्टी सरळ शेजारच्या शेतात जाते.

मणिपूरकडे वळले की साचा संपतो. जपानी सैन्याशी झालेल्या मार्च ते जुलै १९४४च्या लढाईत इम्फाळचा रस्ता तुटला, तेव्हा सारी भिस्त विमानांवर आली. खोऱ्यात सहा धावपट्ट्या होत्या: इम्फाळ मेन, पालेल, तुलिहाल, कांगला, वांगजिंग आणि सापाम. भारतीय हवाई दलाची क्रमांक १ची स्क्वाड्रन याच काळात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळहून हरिकेन विमाने उडवत होती. या आघाडीवर पावसापासून माती वाचवण्यासाठी ‘बिथेस’ वापरत, म्हणजे डांबर पाजलेले तागाचे कापड, एकावर एक कडा चढवून अंथरलेले. गोणपाटाची ही धावपट्टी सिम्युलेटरच्या गवत, माती, डांबर, काँक्रीट अशा तयार यादीत सहसा बसत नाही. ती हाताने रंगवावी लागते.

दप्तरेही येथे हात आखडता घेतात. रॉयल एअर फोर्सच्या ५४० क्रमांकाच्या फॉर्मवर दिवसाची हकीकत असते, ५४१वर विमान, वैमानिक, उड्डाणाची व उतरण्याची वेळ. तंबू कुठे होते, पेट्रोलची पिंपे कुठे रचली होती, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटणार? ते रोज डोळ्यांसमोरच होते. मग छायाचित्रच मोजावे लागते. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.२ मीटर, डकोटा या मालवाहू विमानाचा सुमारे २९ मीटर. विमान ओळखता आले की तीच मोजपट्टी धरून बाकीच्या वस्तूंची मापे निघतात. छायाचित्राची तारीख व वेळ माहीत असेल, तर सावलीच्या लांबीवरून छपराची उंचीही काढता येते.

उभारणीची साधने सिम्युलेटरगणिक वेगळी. एक्स-प्लेनसाठी वर्ल्डएडिटर मोफत मिळतो. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नॉर्मंडीचा नकाशा मुळातच १९४४साठी बनवलेला आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२०ची आवृत्ती मात्र आजच्या उपग्रहचित्रांवर उभी असल्याने तेथे बांधण्याआधी बरेच पुसावे लागते. तुलिहालच्या जागी आता बीर टिकेंद्रजीत आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, त्यामुळे तेथील जुना थर हाती लागणे अवघड. इम्फाळच्या उत्तरेला कोइरेंगेईची, म्हणजेच इम्फाळ मेनची, जुनी पट्टी मात्र उपग्रहचित्रात अजून ओळखू येते.

सर्वांत फसवते ते पाणी. इम्फाळच्या दक्षिणेला लोकटक सरोवर आहे आणि वैमानिकाला खूण म्हणून ते सहज दिसते. पण १९८३मध्ये इथाई बंधारा सुरू झाल्यावर त्याची पातळी वर्षभर चढीच राहू लागली. त्यापूर्वी सरोवर उन्हाळ्यात आक्रसे व पावसाळ्यात पसरे. म्हणून प्रतिकृती एप्रिलची की जुलैची, यावर लोकटकचा काठही नव्याने आखावा लागतो.